अबोल आणि अबोला

दर शनिवारी दुपारच्या गाडीने मी बडोद्याहून सुरतेस जातो आणि रविवारी रात्री परत येतो. सुरतेच्या लिंबायत भागात एका मंडळाच्या माडीवर मी गाण्याचा वर्ग घेतो. एक हार्मोनियम, तबल्याची एक जोडी आणि वीस-बावीस मुले-मुली, एवढाच त्या वर्गाचा संसार. लिंबायत हे काय प्रकरण आहे, हे बडोद्यातील पुष्कळ मराठी घरांना ठाऊक नसते. म्हणून आधी दोन शब्द त्याविषयी सांगितले पाहिजेत. सुरत-भुसावळ लोहमार्गाने धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून पोटासाठी निघालेली माणसे येथे उतरली आणि येथलीच झाली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी अशा चार भाषा येथली मुले सहज बोलतात. श्रावणात घरोघर कानबाई बसते. पुरुष यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात आणि बायका घरी बसून साड्यांना लेस व टिकल्या लावतात. महानगरपालिकेच्या मराठी शाळाही या भागात आहेत. परंतु शाळा संपली की मराठी पुस्तकाशी असलेला संबंध बहुधा तेथेच संपतो.

माझ्या वर्गातील अकरावीतल्या एका मुलीने गेल्या पावसाळ्यात मला विचारले, “सर, वाचायला एखादं मराठी पुस्तक मिळेल का? गोष्टीचं. मोठं.” पुढच्या शनिवारी मी आमच्या घरची ‘स्वामी’ची प्रत नेऊन तिला दिली. रणजित देसाई यांची ही कादंबरी १९६२ साली निघाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमची प्रत वडिलांची. तिला त्यांनीच घातलेले खाकी वेष्टण अजून आहे.

दोनच आठवड्यांत ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून परत आले. आणि आले ते मुलीच्या नव्हे, तिच्या वडिलांच्या हातून. माणूस साधा, रातपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. ते म्हणाले, “मास्तर, राग मानू नका. गल्लीतले लोक म्हणतात की हे प्रेमाचं पुस्तक आहे. पोर वयात आलेली. तुम्ही गाणं शिकवा. पुस्तक नको.”

आता यावर काय बोलावे? ‘हे प्रेमाचे पुस्तक नाही’ असे म्हणालो असतो, तर ते खोटे ठरले असते. ‘प्रेमाचे असले म्हणून काय झाले’ असे म्हणालो असतो, तर मुलीचे गाणेही त्याच दिवशी थांबले असते. मी एवढेच म्हणालो, “दादा, तुम्ही स्वतः एकदा ऐका. मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. जेथे तुम्हाला मान खाली घालावीशी वाटेल, तेथे बंद करा आणि पुस्तक मला परत द्या.” ते क्षणभर घुटमळले. “मला कमी ऐकू येतं,” ते म्हणाले. “लूमच्या आवाजानं.” मी म्हणालो, “मग पोरीचा आवाज तरी सुटेल.”

त्यानंतर पुस्तक परत आले नाही.

येथे वाचकांना त्या कथेची उजळणी करून देतो. पानिपताचा घाव बसला तो १७६१ च्या जानेवारीत. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशवे वारले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे आली. पुढची अकरा वर्षे म्हणजे मोडलेले घर सावरण्याची धडपड. निजामाविरुद्ध १७६३ मध्ये राक्षसभुवनची लढाई, कर्नाटकात हैदरावरच्या मोहिमा आणि या सर्वांच्या जोडीला चुलते राघोबादादा यांच्याशी चाललेला गृहकलह. बडोद्याच्या वाचकाने हेही ध्यानात ठेवावे की, या कलहात आपले गायकवाड दादासाहेबांच्या बाजूला होते. १७६८ साली धोडपला दादासाहेबांचा पाडाव झाला तेव्हा गोविंदराव गायकवाडही पेशव्यांच्या हाती सापडले. अखेर राजयक्ष्म्याने पोखरलेला हा पुरुष १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात गेला. वय अवघे सत्तावीस. रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या.

लढाया आणि कारस्थाने यांच्या कादंबऱ्या मराठीत त्यापूर्वीही पुष्कळ होत्या. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून, म्हणजे १८७१ पासून, ती परंपरा आहे, हरिभाऊ आपट्यांनी ती मोठी केली. ‘स्वामी’चे वेगळेपण असे की, तिने राज्याच्या कथेत एक संसार आणून बसविला. हा संसार सोज्ज्वळ आहे, आणि त्यातील नायक मितभाषी आहे. त्याला पत्नीशी निवांत बोलायला वेळ नाही. वेळ मिळाला तर शब्द नाहीत. शब्द सुचले तर त्याच वेळी कुणीतरी वर्दी घेऊन येतो. तरीही त्या दोघांत काय आहे याविषयी वाचकाला शंका उरत नाही. लेखकाने ते बोलण्यातून नव्हे, वागण्यातून दाखविले आहे. दूरदर्शनवर या कादंबरीची मालिका झाली तेव्हा रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांच्या रूपाने ही जोडी घराघरांत गेली, तीही याच गुणावर.

आम्हा गाणाऱ्यांना हे नवे नाही. त्रितालाच्या सोळा मात्रा मी मुलांना हातावर मोजायला शिकवितो, तेव्हा नवव्या मात्रेवर टाळी द्यायची नसते. हात नुसता बाजूला न्यायचा असतो. त्या जागेला खाली म्हणतात. नव्या मुलाला वाटते, टाळी नाही म्हणजे येथे काही नाही. तो ती मात्रा गिळतो आणि समेवर आपटतो. खाली मोजावी लागते. किंबहुना टाळीपेक्षा अधिक लक्ष देऊन मोजावी लागते. अबोल नायकाची कथा वाचणे म्हणजे खाली मोजणे होय. आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ही सवय लागावी, असे मला मनापासून वाटते. पडद्यावर आणि हातातल्या फोनवर त्यांना जे प्रेम दिसते त्यात सगळ्या टाळ्याच असतात.

येथपर्यंतचे मत मी पूर्वीही कुणाजवळ बोललो असतो. पण लिंबायतच्या त्या घराने मला त्याच्या पुढची गोष्ट शिकविली. तीच सांगण्यासाठी हा लेख आहे.

वडिलांना ऐकू कमी येत असल्यामुळे मुलगी खरोखरच ओरडून वाचू लागली. सुटीच्या संध्याकाळी तिचा आवाज गल्लीभर जाई. पहिल्या दिवशी शेजारच्या मावशी दारातून डोकावून म्हणाल्या, “काय वाची ऱ्हायनी?” आणि तेथेच उंबऱ्यावर बसल्या. दुसऱ्या वेळी त्यांच्यासोबत आणखी दोघी आल्या. हात टिकल्या लावण्यात आणि कान शनिवारवाड्यात, असे वाचन सुरू झाले. अबोल नायकाची कथा आणि तिचे वाचन मात्र गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, हा योग पाहून रणजित देसाईही हसले असते. दादासाहेबांचे प्रकरण आले तेव्हा मुलीने मला विचारले, “सर, यांचं पुढे काय झालं?” मी सांगितले की, माधवरावांच्या पश्चात नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाला, पेशवेपदाचा दावा सांगत फिरणारे दादासाहेब शेवटी इंग्रजांकडे गेले, आणि साष्टी-वसई देऊ करून त्यांनी मार्च १७७५ मध्ये जो तह केला त्याचे नाव सुरतेचा तह. ती एकदम म्हणाली, “म्हणजे आपल्या सुरतेत?” आपण राहतो ते गाव गोष्टीत आहे, हे कळल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडतो तो शिक्षकाच्या आयुष्यातला खरा मेहनताना असतो.

सहाव्या-सातव्या आठवड्यात तिने पुढचे सांगितले. वाचता वाचता एका जागी तिच्या वडिलांनी हात वर करून तिला थांबविले. मला वाटले, आता मान खाली घालण्याची जागा आली असेल. तसे नव्हते. ते म्हणाले होते, “इतका जीव होता, तर तोंडानं सांगायला काय झालं होतं?” कुणी काही बोलेना. मग टिकल्या लावता लावता, मान वर न करता, तिची आई म्हणाली, “तुम्ही तरी कुठं सांगता? महिनाभर खोकताय, ते मला शेजारणीकडून कळलं. रातपाळीला खोकता म्हणून मला ऐकू येत नाही.”

मुलीने ही गोष्ट मला हसत हसत सांगितली. मी हसू शकलो नाही.

माझे वडील बडोद्याच्या दरबारी सारंगिये. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीत होते आणि मी त्यांना पन्नाशीनंतर झालो. म्हणून माझ्या वाट्याला आले ते दरबार नसलेले दरबारी वडील. सारंगी हे साथीचे वाद्य. गवई गाईल तसे त्याच्या मागे जायचे, त्याची जागा भरायची आणि आपण पुढे यायचे नाही, हा धर्म. तो धर्म त्यांनी घरातही पाळला. माझ्या आईचा गळा फार गोड होता. ती बाहेर कधी गायली नाही, पण पहाटे देवापाशी गात असे. वडील कामासाठी बाहेर पडण्यापूर्वी तिचा तानपुरा जुळवून ठेवीत. “छान गातेस” असे ते तिला म्हणाल्याचे मी कधी ऐकले नाही. तानपुरा मात्र रोज जुळलेला असे. मोठेपणी ‘स्वामी’ वाचली तेव्हा मला वाटले, हे तर आमच्याच घरातले!

पण त्याच वडिलांनी आपले पोटाचे दुखणे दोन वर्षे कुणाला सांगितले नाही. आईलाही नाही. कळले तेव्हा वैद्यकाच्या हातात काही उरले नव्हते. पुढे कित्येक वर्षांनी आई एकदा म्हणाली, “त्यांनी मला सांगितलं असतं, तर मी निदान भांडले असते.” तिच्या आयुष्यातली तेवढी एक तक्रार. तानपुरा जुळवणारे हात आणि दुखणे लपवणारे ओठ एकाच माणसाचे होते. आम्ही मुलांनी दोन्हींना एकच नाव दिले, संयम. आणि दोन्हींचा सारखाच अभिमान बाळगला.

मराठी भाषा या बाबतीत आपल्याहून शहाणी आहे. तिने अबोल आणि अबोला हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. अबोल माणूस बोलत नाही, परंतु त्याच्या जवळच्या माणसाला अंधारात राहावे लागत नाही. अबोला धरणारा माणूस दार लावून घेतो. मग तो रागाने धरलेला असो, अभिमानाने धरलेला असो वा ‘तुला त्रास नको’ या मायेने. मायेने लावलेले दारही बाहेरच्याला बंदच असते. चांगल्या ऐतिहासिक प्रेमकथेने अबोलपणाचे सौंदर्य दाखवावे, हे योग्यच. पण वाचकाने पुस्तक मिटताना या दोहोंतली रेघ ओळखायला शिकले पाहिजे. इंग्रजीतल्या जेन ऑस्टिनने १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये डार्सी नावाचा असाच एक मितभाषी नायक उभा केला. तो जगभर वाचकांचा लाडका झाला. पण त्यालाही अखेर बोलावे लागते. एकदा नकार घेऊन, मग पत्र लिहून, मग पुन्हा. लेखिकेने त्याला ती सूट दिलेली नाही.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. पुस्तक सोज्ज्वळ आहे, एवढ्यावर आपण निश्चिंत होतो. मुलीच्या हाती निर्धास्तपणे देतो. पण ‘स्वामी’चा शेवट सतीच्या चितेपाशी होतो आणि लेखणीच्या सामर्थ्याने तो शेवट डोळ्यांत पाणी आणतो. हे पाणी कशाचे, हे शिक्षकाने आणि पालकाने मुलीशी बोलले पाहिजे. बंगाल इलाख्यात १८२९ साली सतीबंदीचा कायदा झाला; त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, १९८७ मध्ये, देवराळाच्या घटनेनंतर सतीचा गौरव करणे हाही गुन्हा ठरविणारा कायदा स्वतंत्र भारताला करावा लागला. तेव्हा ही गोष्ट केवळ पेशवाईतली म्हणून बाजूला सारता येत नाही. इतिहासाचाच आधार घेऊन मी माझ्या विद्यार्थिनीला सांगितले, “त्याच वाड्यात माधवरावांच्या आई गोपिकाबाई होत्या, नानासाहेबांच्या मागे त्या सती गेल्या नाहीत. पानिपतावरून सदाशिवरावभाऊ परतले नाहीत; पार्वतीबाईंनी ते गेले असे मानलेच नाही, आणि त्या जगल्या. म्हणजे जगणे हाही त्या वाड्यातलाच एक मार्ग होता.” तिने थोडा विचार केला आणि विचारले, “मग पार्वतीबाईंवर कुणी कादंबरी लिहिली नाही का, सर?” लिहिली आहे. ना. सं. इनामदारांची ‘शिकस्त’. आता ती तिच्या हातात आहे.

सोज्ज्वळपणा हा पुस्तकाचा गुण आहे. तो वाचकाला विचारातून सुटका देणारा परवाना नव्हे. जे पुस्तक घरात मोठ्याने वाचता येते, त्याचा खरा उपयोग हाच की त्यावर घरातल्या सर्वांना एकत्र बोलता येते. एकट्याने वाचून तीच मुलगी कदाचित डोळे पुसून गप्प बसली असती आणि अबोल नवरा, सती जाणारी पत्नी हेच आदर्श मनात घेऊन मोठी झाली असती. घरात वाचल्यामुळे तिने आपल्या आईचा प्रश्न ऐकला. आणि तिच्या वडिलांनीही तो ऐकला, कमी ऐकू येत असूनही! पुढच्या आठवड्यात ते पत्नीला बरोबर घेऊन महानगरपालिकेच्या दवाखान्यात खोकला दाखवून आले. ज्या पेशव्याला क्षयाने नेले त्याच्या कथेने एका मागावरच्या कामगाराला दवाखान्यात पाठविले, असे म्हणून मी पुस्तकाचे श्रेय फुगवीत नाही. पाठविले ते त्याच्या पत्नीने. पुस्तकाने तिला बोलायला जागा दिली.

माझ्यापुरते सांगायचे तर, त्या रविवारी रात्री मी उशिरा घरी पोहोचलो. दोन महिन्यांपूर्वी माझी एक शिकवणी सुटली होती आणि ती गोष्ट मी पत्नीला सांगितली नव्हती. ‘उगाच काळजी कशाला’ हे आमचे घराण्यातले उत्तर. जेवताना सांगून टाकले. ती म्हणाली, “मला हिशेबावरून कळलंच होतं. तुम्ही कधी सांगता, याची वाट बघत होते.” दोन महिने ती वाट पाहत होती आणि मी संयम पाळत होतो!

आता बडोद्याच्या वाचकांपाशी एक मागणे आहे. ग्रंथालयांच्या बाबतीत आपल्या गावाचे नाव देशात आदराने घेतले जाते. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन यांना आणून येथे ग्रंथालयांचे जाळे उभे केले आणि ज्या खेड्यात वाचनालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तके पोहोचविली. संस्थान गेले; पेट्यांचा तो मार्ग आपल्याला पुन्हा चालता येण्याजोगा आहे. आपल्या किती घरांत माळ्यावर मराठी कादंबऱ्या पडून आहेत! मुले परदेशी, नातवंडांना मराठी वाचता येत नाही, रद्दीत द्यायला मन होत नाही. दुसरीकडे अडीच तासांच्या अंतरावर लिंबायतमध्ये मराठी वाचू शकणारी मुले आहेत आणि त्यांच्याजवळ वाचायला पुस्तक नाही. माळ्यावरची पुस्तके खाली काढा, धूळ झटका आणि एक पेटी भरा. नेण्याचे काम माझे. दर शनिवारी जातोच आहे.

मात्र पेटी भरताना ‘हे सोज्ज्वळ, ते नाही’ एवढीच निवड करू नका. जे पुस्तक घरात मोठ्याने वाचता येईल आणि वाचून झाल्यावर भांडताही येईल, ते आधी घाला. लिंबायतच्या त्या गल्लीत आता बायका संध्याकाळी विचारतात, पुढचे पुस्तक कोणते? आणि मुलीचे वडील, पाळी नसेल त्या दिवशी, पुढच्या रांगेत येऊन बसतात. ऐकू कमी येते म्हणून, असे ते सांगतात.